क्रूझच्या विमानतळ-ट्रान्सफरवरून वाद झाला, तर पैसे परत कसे मिळवावेत

रोमची क्रूझ म्हणून जी विकली जाते, तिचे जहाज रोम शहरात येतच नाही. ते चिविताव्हेक्किया बंदरात उभे असते आणि फ्युमिचिनो विमानतळापासून तिथवर साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता आहे. अमेरिकेत ऑर्लँडोला उतरून पोर्ट कॅनाव्हरल बंदराला जाणाऱ्यास सुमारे ७० किलोमीटर आणि लंडनच्या हीथ्रोहून साउदॅम्प्टन गाठणाऱ्यास १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. त्यामुळे विमानतळ ते बंदर या प्रवासासाठी (म्हणजे ट्रान्सफरसाठी) आधी पैसे भरलेली गाडी विमानतळावर आलीच नाही, तर होणारा खर्च किरकोळ नसतो. परत आल्यावर तक्रार केली की क्रूझ कंपनी स्थानिक वाहतूकदाराकडे बोट दाखवते, वाहतूकदार एजंटकडे आणि एजंट पुन्हा क्रूझ कंपनीकडे. या फेऱ्यात अडकायचे नसेल, तर वादाची तयारी प्रवासाआधीच करावी लागते आणि तक्रार शक्यतो त्याच दिवशी नोंदवावी लागते.

पैसे कोणी घेतले, हे आधी निश्चित करा

गाडी कोणाची होती यापेक्षा ट्रान्सफर तुम्हाला कोणी विकले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतः घेतले असेल, इथल्या टूर कंपनीने पॅकेजमध्ये धरले असेल किंवा तुम्ही एखाद्या खासगी संकेतस्थळावरून वेगळी गाडी ठरवली असेल. बिल ज्याच्या नावाचे, त्याच्याकडेच तक्रार जाते. व्हाउचरच्या तळाशी बारीक अक्षरांत एखाद्या इटालियन किंवा अमेरिकी वाहतूकदाराचे नाव असते. त्याच्याशी तुमचा करार झालेला नसतो. त्याला पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. आपल्या ठेकेदाराने कसूर केल्यास त्याला जाब विचारणे, हे विक्रेत्याचे काम आहे.

क्रूझ कंपन्यांच्या अटींमध्ये मात्र जमिनीवरची वाहतूक स्वतंत्र ठेकेदार करतात आणि त्यांच्या चुकांची जबाबदारी आमच्यावर नाही, असे कलम बहुधा असते. ते दाखवले गेले तर गांगरून जाऊ नये. नुकसानभरपाईबद्दल कंपनी काहीही म्हणो, जी सेवा मिळालीच नाही तिचे घेतलेले पैसे ठेवून घेण्याचे समर्थन या कलमाने होत नाही. तुमची पहिली मागणी म्हणूनच परताव्याची असावी.

इथल्या टूर कंपनीकडून पॅकेज घेतले असेल, तर करबिल जपून ठेवा. त्यावर परदेश सहल पॅकेज म्हणून टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) आकारलेला दिसत असेल, तर ‘आम्ही केवळ मध्यस्थ होतो’ या नंतरच्या बचावाला उत्तर देताना तो कागद कामी येतो.

व्हाउचर निघण्यापूर्वी वाचा

बरेचसे वाद गाडी न आल्याचे नसतात. गाडी येते, पण दुसऱ्याच ठिकाणी किंवा दुसऱ्याच दिवशी. व्हाउचर हाती पडल्यावर चार गोष्टी तिकिटाशी ताडून पाहाव्यात.

पहिली तारीख. क्रूझ कंपनीचे ट्रान्सफर सहसा जहाज सुटण्याच्या आणि प्रवास संपण्याच्या दिवशीच उपलब्ध असते. मुंबईहून लांबचा प्रवास करून जाणारी मंडळी शहाणपणाने एक दिवस आधी पोहोचतात आणि हॉटेलात मुक्काम करतात. अशा वेळी विमानतळ ते बंदर या ट्रान्सफरचा त्यांना काहीच उपयोग नसतो. त्यांना हवे असते हॉटेल ते बंदर. विमानाचे तिकीट आणि ट्रान्सफर एकाच एजंटने काढले असेल, तर ही विसंगती त्याला दिसायलाच हवी होती, आणि तसे त्याला निघण्यापूर्वी ईमेलने कळवले तर रक्कम वाद न होता परत मिळण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी विमानतळाचे नाव. अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल विमानतळापासून त्याच शहरातले पोर्ट एव्हरग्लेड्स बंदर तीनेक किलोमीटरवर आहे, पण मायामीचे बंदर ४५ किलोमीटरवर. जहाज मायामीचे आणि स्वस्त मिळाले म्हणून विमान फोर्ट लॉडरडेलचे, असे झाले की मायामी विमानतळावर वाट पाहणाऱ्या बसचा दोष काढता येत नाही. रोमलाही फ्युमिचिनो आणि चाम्पिनो असे दोन विमानतळ आहेत. आपल्याकडे हा घोळ आता गोव्यात होऊ शकतो. मुरगाव बंदराजवळचा विमानतळ दाबोळीचा. २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा विमानतळ राज्याच्या उत्तर टोकाला आहे आणि तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’ लिहिलेले असते. व्हाउचरवर विमानतळाचे पूर्ण नाव नसेल, तर ते लिहून मागा.

तिसरी भेटीची जागा. परतीच्या दिवशी चिविताव्हेक्कियात हा गोंधळ सहज होतो. जहाजातून उतरलेले प्रवासी बंदराच्या बसने लार्गो देला पाचे या चौकाकडे जातात आणि अनेक खासगी गाड्या तिथेच उभ्या असतात. प्रवासी जहाजाच्या शिडीपाशी आणि चालक चौकात, अशी स्थिती झाली की अर्ध्या तासाने चालक ‘प्रवासी आले नाहीत’ अशी नोंद करून निघून जातो. ती नोंद मग तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

चौथी प्रतीक्षेचा वेळ. तो विमान उतरल्यापासून मोजायचा की ठरलेल्या वेळेपासून, हे लेखी असावे. युरोपबाहेरच्या पासपोर्टांची रांग लांबली आणि सामानही उशिरा आले, तर एक तासाची सवलत तिथेच संपते. विमानाची वेळ बदलल्यास नवी माहिती विक्रेत्याला कळवण्याची जबाबदारी बहुधा प्रवाशावरच असते, म्हणून ती फोनवर सांगून थांबू नये, संदेशही पाठवावा.

गाडी दिसत नसेल तेव्हा

व्हाउचरवरच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा आणि लगेच तीच गोष्ट व्हॉट्सअॅपवर किंवा एसएमएसने लिहा: आम्ही अमुक टर्मिनलच्या अमुक दारापाशी उभे आहोत, नावाची पाटी घेतलेले कोणी दिसत नाही, वीस मिनिटांत गाडी न आल्यास टॅक्सी करू आणि तो खर्च मागू. या एका संदेशाने पुढचे अर्धे काम होते, कारण तुम्ही कुठे होतात, किती वाजता होतात आणि समोरच्याला संधी दिली होती की नाही, हे तिन्ही मुद्दे त्यात आले. आजूबाजूचा फलक आणि घड्याळ दिसेल असा एक फोटो काढा. फोनच्या नोंदींचा स्क्रीनशॉटही ठेवा.

त्यापुढे फार थांबू नका. अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या जहाजाला प्रवाशांची यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी सरकारकडे द्यावी लागते, त्यामुळे चेक-इनची खिडकी त्याआधीच बंद होते. जहाज चुकले तर होणाऱ्या नुकसानापुढे टॅक्सीचे भाडे काहीच नाही, आणि वाजवी भाड्याची टॅक्सी करून नुकसान आटोक्यात ठेवणारा प्रवासी पुढे तक्रारीतही सरस ठरतो. टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्यावी, पैसे कार्डाने द्यावेत आणि पावतीवर तारीख, वेळ, कुठून कुठे हे लिहून घ्यावे. नुसता आकडा खरडलेल्या चिठोरीला कोणी विचारत नाही.

जहाजावर पोहोचताच तक्रार नोंदवा

ट्रान्सफर क्रूझ कंपनीनेच विकलेले असेल, तर सामान खोलीत आले की गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जा. हे काम शेवटच्या दिवशी करू म्हणून ठेवले, तर तेव्हा रांग असते आणि कर्मचारी ‘घरी गेल्यावर ईमेल करा’ असे सांगून मोकळे होतात. पहिल्या दिवशी मात्र रक्कम तुमच्या जहाजावरील खात्यात जमा करण्याचा अधिकार त्या खिडकीवरच्या माणसाला किंवा त्याच्या वरिष्ठाला अनेकदा असतो. तो देत असलेली जमा परत मिळणारी आहे की फक्त जहाजावर खर्च करण्यापुरती, हे स्पष्ट विचारा. दुसऱ्या प्रकारची जमा न खर्चिल्यास शेवटच्या रात्री विरून जाते. तक्रारीचा क्रमांक आणि कर्मचाऱ्याच्या नावाची पाटी पाहून नाव टिपून ठेवा.

परतीचे ट्रान्सफर फसले, तर ही सोय उरत नाही. विमानतळावर बसल्या बसल्या पहिला ईमेल पाठवून द्यावा. युरोपीय संघातील किंवा ब्रिटनमधील विक्रेत्याकडून पॅकेज घेतलेल्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज-प्रवास निर्देशानुसार आणि ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांनुसार पॅकेजमधील सेवा दुसऱ्या कोणी दिली तरी जबाबदारी आयोजकाचीच असते. पण त्रुटी अनावश्यक विलंब न लावता त्याला कळवणे, हे प्रवाशाचेही कर्तव्य धरले आहे.

किती रक्कम मागावी

इथे भल्याभल्यांची तक्रार घसरते. समजा, ट्रान्सफरसाठी माणशी ६० युरोप्रमाणे दोघांचे १२० युरो भरले होते आणि टॅक्सीला १५० युरो पडले. रागाच्या भरात दोन्ही रकमा जोडून २७० युरो मागितले जातात. तसे झाले तर तुमचा प्रवास फुकटात पडतो, आणि समोरचा कर्मचारी हे लगेच हेरतो. योग्य मागणी १५० युरोंची आहे: न मिळालेल्या सेवेचे १२० आणि वरचे जादा ३०. मनस्तापाची भरपाई हवी असेल तर ती वेगळ्या ओळीत, कारण देऊन मागावी. हिशेबात मिसळू नये. गाडी आली पण उशिरा आली आणि जहाज मिळाले, अशा वेळी पूर्ण परताव्याचा आग्रह टिकत नाही.

तक्रारीचे पत्र एका पानाचे असावे. परदेशी कंपनीला ते इंग्रजीत लिहावे लागेल, पण मजकूर साधारण असा असावा: ‘बुकिंग क्रमांक अमुक. फ्युमिचिनो, टर्मिनल ३ येथून बंदरापर्यंतच्या ट्रान्सफरसाठी आम्ही १२० युरो भरले. आमचे विमान १०.०५ ला उतरले आणि १०.५५ ला आम्ही भेटीच्या जागी होतो. १०.५८ आणि ११.१० ला तुमच्या क्रमांकावर फोन केला. सोबत संदेशाची प्रत आहे. ११.३० पर्यंत गाडी न आल्याने १५० युरो देऊन टॅक्सी केली. पावती सोबत आहे. ही रक्कम १४ दिवसांत मूळ कार्डावर जमा करावी.’ सहलीवरची इतर नाराजी, म्हणजे जेवण, खोली, वाय-फाय, या पत्रात आणू नये. एका पत्रात सहा तक्रारी गेल्या की उत्तर सगळ्यांत सौम्य तक्रारीला येते.

उत्तर आले नाही तर

पैसे कार्डाने भरले असतील, तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवस्थेत ही मुदत साधारणपणे सेवा मिळायला हवी होती त्या दिवसापासून १२० दिवसांची असते, तरी बँकेची स्वतःची मुदत आधी विचारावी. वाद फक्त ट्रान्सफरच्या रकमेपुरता घालावा. क्रूझ पूर्ण उपभोगून सगळ्या बिलावर हरकत घेणाऱ्याचा दावा तर पडतोच, शिवाय कंपनी बोलणीही थांबवते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अमेरिकेतील क्रेडिट कार्डधारकांनी बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवावी. ब्रिटनमध्ये १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीसाठी क्रेडिट कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. एजंटला यूपीआयने किंवा खात्यावर थेट पैसे दिले असतील, तर कार्डाचा हा मार्ग उरत नाही.

मग उरतो ग्राहक कायदा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. काही वेळा कंपनी तेवढ्यानेच जागी होते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दावा करण्याची मुभा दिली आहे, म्हणजे साताऱ्याच्या प्रवाशाला मुंबईच्या कंपनीसाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि अर्ज ई-जागृती संकेतस्थळावरून करता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

भारतात कार्यालय नसलेली क्रूझ कंपनी एकटीच प्रतिवादी असेल, तर इथे मिळालेला आदेश वसूल करणे अवघड जाते. अशा कंपन्यांच्या तिकिटात कोणत्या शहरातल्या न्यायालयात दावा करायचा, हे आधीच लिहिलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या १९९१ च्या खटल्यात असे कलम वैध ठरवले; वॉशिंग्टन राज्यातल्या प्रवाशांना फ्लोरिडात दावा करण्यास सांगणारी ती अट होती. दीडशे युरोंसाठी फ्लोरिडाला कोणी जाणार नाही. म्हणून इथल्या ज्या विक्रेत्याने बिल दिले, त्याला पहिला प्रतिवादी करावे.

तडजोडीचा प्रस्ताव आला, तर तो बहुधा पुढच्या क्रूझवरील सवलतीच्या रूपात येतो. वर्ष-दीड वर्षात पुन्हा जाण्याचा विचार नसेल, तर तो नाकारून मूळ कार्डावर परतावा मागावा. परतावा युरोत किंवा डॉलरमध्ये येत असेल, तर रुपयांत हातात किती पडेल हे बँकेला विचारून मगच होकार द्यावा. ‘सर्व दावे पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर रक्कम खात्यात दिसल्याशिवाय सही करू नये.