पाणी तुंबल्यावर मोबाइलच्या भरवशावर उपचार? या चुका टाळा

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि हातातले मोबाइल असून नसल्यासारखे झाले. आज फोन कितीतरी हुशार झालेत, पण वीज आणि नेटवर्क गेलं की त्यांची हुशारी संपते. म्हणून तयारी पाऊस लागायच्या आधीच करायची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, 'रिपोर्ट मेलमध्ये आहेत, लागले की काढू.' नेट नसेल तर कसे काढणार? शेवटचं प्रिस्क्रिप्शन, ईसीजी, डायलिसिसचे कागद फोनमध्येच सेव्ह करा आणि एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. औषधांची यादी करताना 'बीपीची पांढरी गोळी' असं लिहू नका. पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे सगळं लिहा. रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा नंबर लॉक स्क्रीनच्या आपत्कालीन माहितीत भरा. तुम्ही बेशुद्ध असलात तर तुमचा पासवर्ड कोण सांगणार?

कॉल लागत नाही म्हणून पंचवीस वेळा रिडायल करून बॅटरी संपवू नका. साधा एसएमएस करा, कॉल तुटतो तिथेही तो बऱ्याचदा जातो. नुसतं लोकेशन पाठवलं तर नकाशावर ठिपका दिसतो, मजला दिसत नाही. 'कुर्ला पश्चिम, अमुक चाळ, दुसरा मजला, आजोबांना धाप लागलीय, गल्लीत कमरेएवढं पाणी, गाडी नाक्यापर्यंतच येईल' असं लिहा. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108, मुंबई पालिकेच्या आपत्कालीन कक्षासाठी 1916. हे नंबर आजींनाही पाठ हवेत.

फॉरवर्ड हा वेगळाच ताप. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बेड आणि ऑक्सिजनचे नंबर ग्रुपवर फिरत राहायचे, आणि लावले की बंद किंवा 'संपलं'. स्वतः फोन लावून खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. पाठवलाच तर तारीख-वेळ टाका आणि काम झालं की डिलीट करा.

घरातलं ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवतंय? घाबरण्याआधी नेलपॉलिश पुसा, पावसात गारठलेलं बोट चोळून गरम करा, पुन्हा बघा. पण माणसाला दम लागला असेल तर आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका. छातीत दुखत असेल तर डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलच्या रांगेतही बसू नका, थेट 108.

ई-संजीवनीसारखी, म्हणजे डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सरकारी सेवा किरकोळ तक्रारींना छान. फक्त एक गोष्ट लोक हमखास सांगायची विसरतात: 'मी तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो.' स्क्रीनवरच्या डॉक्टरांना तुमचा हिंदमाता, दादरचा तो हमखास तुंबणारा भाग, कसा दिसणार? पायाला जखम असेल तर कॅमेऱ्यासमोर धरा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा अशा दूषित पाण्यातून होणारा आजार; त्याच्या प्रतिबंधाची गोळी 72 तासांच्या आत सुरू करायची असते, आणि गर्भवतींना, लहान मुलांना औषध वेगळं लागतं. तेव्हा शेजाऱ्याचा डोस ग्रुपवरून उचलू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तरी त्या पाण्याचा उल्लेख पहिल्याच वाक्यात करा.