दाताला कॅप बसवायचीय? दर विचारण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात दातांच्या दवाखान्यात फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅप कितीला बसते?" राजारामपुरीत एक आकडा, शाहूपुरीत दुसरा, गावाकडे तिसरा. त्यातला बरा वाटेल तो निवडून माणूस मोकळा होतो. पण आकडा सांगणाऱ्याने तुमचा दात बघितलेलाच नसतो. कॅप किती वर्षं टिकणार हे कॅपइतकंच, किंबहुना जास्त, तिच्या खालच्या दातावर ठरतं.

खालच्या दाताचं कुणी विचारतच नाही

कॅप सिमेंटने चिकटते एवढंच आपल्याला माहीत असतं. सिमेंटचा वाटा आहेच, पण खरी पकड असते हिरडीच्या वर उरलेल्या निरोगी दाताची. किडलेला भाग काढल्यावर साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा चांगला दात चहूबाजूंनी कॅपच्या कडेच्या आत यायला हवा. तेवढा नसेल तर दाताच्या मुळाच्या आत पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, घालून वर भराव उभा करतात, कधी हिरडी आणि हाड थोडं खाली घेतात, आणि कधी दात काढणंच शहाणपणाचं ठरतं. पोस्ट घातली म्हणून दात मजबूत झाला असं मात्र समजू नका. पोस्ट फक्त भरावाला धरून ठेवते.

म्हणून डॉक्टरांना आधी हे विचारा: कीड काढल्यावर दात किती उरेल? मुळाच्या टोकाशी सूज किंवा पू आहे का? हाडाचा आधार कसा आहे? याची उत्तरं ताज्या एक्स-रेशिवाय देता येत नाहीत. एक्स-रे न काढताच कुणी कॅपचं ठरवत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

प्रत्येक रूट कॅनालनंतर, म्हणजे दाताची नस काढून आतली सफाई केल्यावर, कॅप लागतेच असंही नाही. पटाशीच्या दाताला मागून छोटंसं छिद्र पाडून काम झालं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर नुसत्या भरावावर भागू शकतं. दाढांचं तसं नाही, त्यांच्यावर चावण्याचा सगळा जोर येतो.

"दुखायचं थांबलं, आता दिवाळीनंतर बघू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रूट कॅनाल झालेली दाढ दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण किडीने आणि उपचाराने तिचा बराच भाग गेलेला असतो, आणि उरलेल्या भिंती पातळ असतात. रविवारच्या मटणातली नळी त्या बाजूने चावली की भिंत तुटते. चीर मुळापर्यंत गेली तर दात वाचत नाही, रूट कॅनालचे पैसेही पाण्यात. तात्पुरत्या भरावातून लाळ झिरपून आतली सफाई बिघडते ती वेगळीच.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅपवाल्या दातांच्या सहापट निघालं. वेगळं कारण नसेल तर काही आठवड्यांत कॅपचं काम उरका. पैशाची अडचण असेल तर तसं स्पष्ट सांगा. तोवर दाढ झाकेल असा पक्का भराव करून घेता येतो.

वॉरंटी कार्ड बघून भुलणं

झिर्कोनियाच्या (दाताच्या रंगाच्या, मजबूत सिरॅमिकच्या) कॅपबरोबर ५, १०, १५ वर्षांचं कार्ड मिळतं. ते देते लॅब किंवा कंपनी, आणि बहुतेक कार्डांत हमी असते ती कॅप तडकण्याची. खालचा दात किडला, हिरडी खाली सरकली, मूळ चिरलं, तर ते कार्ड कामाचं नाही.

कॅपचा प्रकार दात बघूनच ठरवावा. निव्वळ धातूच्या कॅपसाठी दात कमी घासावा लागतो, म्हणून अगदी मागच्या, उंचीला बुटक्या दाढेला ती आजही उत्तम. फक्त दिसायला चकाकते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे, पण वरचं सिरॅमिक टवका उडून निघू शकतं आणि हिरडी सरकली की काळसर रेघ दिसते. झिर्कोनिया मजबूत असतो, मात्र चावा जुळवताना घासलेला भाग नीट पॉलिश केला नाही तर तो समोरचा दात झिजवतो. नकली दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते; धातूच्या कॅपआधी ते आवर्जून सांगा.

खर्चाचा कागद मागताना एकच बेरीज घेऊ नका. एक्स-रे, रूट कॅनाल, पोस्ट, तात्पुरती कॅप, पक्की कॅप, यातलं काय धरलंय आणि काय नाही, ते लिहून घ्या. "स्वस्त" आकड्यात बऱ्याचदा पोस्ट आणि तात्पुरती कॅप नसते.

डॉक्टर निवडताना

पाटीवर पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. साधी कॅप बीडीएस डॉक्टर उत्तम बसवतात. बऱ्याच कॅपा एकदम, सगळा चावा झिजलेला, किंवा आधीची कॅप वारंवार निघतेय अशी भानगड असेल तर प्रोस्थोडोन्टिक्समध्ये, म्हणजे कॅप आणि कृत्रिम दातांच्या विषयात, एमडीएस झालेल्यांना गाठा. पुष्कळ दवाखान्यांत हे तज्ज्ञ ठराविक वारी येतात. त्यात वाईट काही नाही. फक्त पुढे त्रास झाला तर बघणार कोण, ते आधी विचारून ठेवा. वेळ हाताशी असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर हातकणंगले तालुक्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं, हेलपाटे मात्र जास्त पडतात.

मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल आणि ब्रश करताना रक्त येत असेल, तर आधी हिरड्यांचा उपचार. रक्ताळलेल्या हिरडीत घेतलेलं माप नीट येत नाही, मग कॅपच्या कडेला फट राहते. मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात

हळदीला चार दिवस उरलेत आणि पुढच्या दाताची कॅप हवीय, हे दृश्य लगीनसराईत नवं नाही. माप, लॅब, ट्रायल, रंगात फरक निघाला तर पुन्हा लॅब, असं गणित असतं. महिनाभर तरी हाताशी ठेवा. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते कॅपच्या आधी, आणि त्यानंतर साधारण दोन आठवडे थांबून रंग जुळवा. कॅप नंतर पांढरी करता येत नाही. रंग दिवसाच्या उजेडात, दात ओला असताना ठरवावा. शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना पुढची कॅप बसली की माऊथगार्डचंही डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

बसवल्यावर बिघडलं तर

चावताना तीच दाढ आधी टेकते? कॅप उंच आहे. "होईल सवय" म्हणून थांबू नका, रंगीत कागदावर चावा तपासून पाच मिनिटांत ती घासून देतात. जिवंत (रूट कॅनाल न झालेल्या) दातावरच्या कॅपला थोडे दिवस थंड लागणं चालतं. रात्री आपोआप ठणकणं नाही. दोन दातांत दर जेवणाला मटणाचा धागा अडकत असेल तर तिथे फट आहे, टूथपिक हा त्यावरचा उपाय नव्हे.

तात्पुरती कॅप निघाली तर त्याच दिवशी फोन करा, कारण दात सरकला की पक्की कॅप बसत नाही. तिच्यावर ऊस, चिक्की, सुपारी बंद, आणि फ्लॉस वर न ओढता बाजूने काढा. पक्की कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा आणि सोबत घेऊन जा. घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नका; ती तिरकी बसते, खाली कीड लागते आणि नंतर काढताना दात तुटू शकतो. तोंडावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास अशी लक्षणं असतील तर सकाळची वाट न बघता कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.