फौजदारी खटला चालवताना या चुका टाळा

फौजदारी खटल्यातील दोषसिद्धी अपिलात रद्द होते ती दर वेळी पुरावा कमी पडला म्हणूनच असे नाही. काही वेळा आरोपीला आपली बाजू मांडण्याची खरी संधी मिळालीच नव्हती, असे वरच्या न्यायालयाला आढळते. अशा वेळी पीडिताच्या कुटुंबाला तीच साक्ष पुन्हा द्यावी लागते आणि आरोपीची वर्षे तुरुंगात जातात.

सर्वांत महागात पडते ती घाई. ‘अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या प्रकरणात 19 फेब्रुवारी 2013 रोजी न्यायमित्र (आरोपीच्या बचावासाठी न्यायालयाने नेमलेला वकील) नेमला गेला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि 4 मार्चला फाशीची शिक्षाही झाली. आरोपपत्र नीट वाचायला आणि आरोपीशी बोलायलाही वकिलाला वेळ मिळाला नव्हता. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्राची किमान दहा वर्षांची वकिली झालेली असावी आणि तयारीला त्याला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असेही बजावले. म्हणून नव्याने नेमलेल्या वकिलाने पहिल्याच तारखेला उलटतपासणीस उभे न राहता मुदतीचा लेखी अर्ज द्यावा.

दुसरी चूक आरोपीच्या जबाबात होते. पुराव्यात आपल्याविरुद्ध आलेल्या गोष्टींचे स्पष्टीकरण न्यायालय या जबाबात आरोपीला विचारते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हा ‘313 चा जबाब’ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली येतो. चार-पाच साक्षीदारांचे म्हणणे एकाच लांबलचक प्रश्नात कोंबले जाते, आरोपी ‘खोटे आहे’ म्हणतो आणि पान उलटले जाते. वास्तविक प्रत्येक दोषदर्शक परिस्थिती (त्याच्या दोषाकडे बोट दाखवणारी बाब) त्याला समजेल अशा भाषेत स्वतंत्रपणे विचारली गेली पाहिजे. पुण्यातील ‘शरद बिरधीचंद सारडा’ खटल्यात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला न विचारलेल्या परिस्थिती विचारातून पूर्णपणे वगळल्या आणि त्याला निर्दोष सोडले. प्रश्न तयार करताना न्यायालय दोन्ही बाजूंच्या वकिलांचे साहाय्य घेऊ शकते, ही कायद्यातली सोय मला फार मोलाची वाटते.

मात्र कोणतीही त्रुटी दाखवली की निकाल कोसळतो, हा समज चुकीचा आहे. कसाबच्या अपिलात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातला फरक सांगितला: खटल्यात गरीब आरोपीला वकीलच न मिळाल्यास खटला दूषित होतो, पण खटल्यापूर्वीच्या टप्प्यावर तो मिळाला नसेल तर प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 511 नुसारही अपील न्यायालय न्यायहानी झाली का, हे पाहते आणि तो आक्षेप आधीच घेता आला असता का, हेही विचारात घेते.

त्यामुळे आक्षेप तोंडी घेऊन थांबू नये. लेखी अर्ज द्यावा, त्यावर निशाणी (नोंद क्रमांक) पडली आणि आदेश झाला याची खात्री करावी व रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) प्रमाणित प्रत घ्यावी. अर्ज नामंजूर झाला तरी तो अभिलेखात राहतो आणि अपिलात वकिलाला नेमके बोट ठेवता येते.