बंदूक कायदेशीर, तरी मालक आरोपी: अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडताना या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात कॅरी परमिट (बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना) खिशात ठेवून, कमरेला पिस्तूल लावून भाजी आणायला जाणारा माणूस कायद्याच्या लेखी साधा नागरिक असतो. तोच माणूस तसाच गाडीत बसून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरला, की दुसऱ्या श्रेणीच्या गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो. शिक्षा पाच ते दहा वर्षं, त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलविना.

मी बंदूक बाळगतो आणि तो हक्क हा हक्कच आहे, सरकारची मेहेरबानी नाही, असं मानतो. पण गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी मंडळींत बंदूक घेणारे वाढले आणि त्यांच्याबरोबर ऐकीव कायदाही वाढला. नेमबाजीच्या रेंजवरचा कुणीतरी सांगतो, व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकतो आणि लोक त्यावर विसंबून गाडी काढतात. प्रामाणिक मालक अडकतो तो बहुतेक वेळा असाच.

'माझं परमिट आहे ना!'

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी किरकोळ कारणावरून थांबवलं. तिने आपणहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे माझं पेनसिल्व्हेनियाचं परमिट. खरं बोलली म्हणूनच ती अडकली. न्यू जर्सी ते परमिट मानत नाही, हे तिला माहीत नव्हतं. तुरुंगाची टांगती तलवार बरेच महिने डोक्यावर राहिली. राज्यभर गाजावाजा झाल्यावर तिला शिक्षेऐवजी सुधारणा कार्यक्रमात घेतलं आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. दर वेळी गव्हर्नर मदतीला येत नाही.

भारतात शस्त्र परवान्यावर तो किती हद्दीत चालतो हे नोंदवलेलं असतं. इथल्या परमिटवर तसं काही नसतं, म्हणून लोक गृहीत धरतात. कोणतं राज्य कुणाचं परमिट मानतं हे त्या-त्या राज्याने ठरवायचं असतं आणि ते बदलत राहतं. एक राज्य एक वर्षी मानतं, पुढच्या वर्षी नवा ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) यादी बदलतो. त्यामुळे निघण्याआधी त्या राज्याच्या पोलिसांचं किंवा ॲटर्नी जनरलचं संकेतस्थळ बघा. गेल्या वर्षीचा स्क्रीनशॉट चालणार नाही. न्यूयॉर्क राज्यात तर राज्यांतर्गतही भेद आहे. अल्बनीकडचं परमिट न्यूयॉर्क शहरात वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही.

'ड्रायव्हिंग लायसन्स पन्नास राज्यांत चालतं, मग हे का नाही?' हा आपल्या बाजूचा आवडता मुद्दा. मलाही तो पटतो, पण तो आजचा कायदा नाही. देशभर परमिट मानायला लावणारं विधेयक २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. पुढेही ते पुन्हा मांडलं गेलं. काय व्हायला हवं आणि काय आहे, या दोन गोष्टी गाडी चालवताना वेगळ्या ठेवा.

डिकीत कुलूपबंद ठेवली, आता चिंता नाही?

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशाला संरक्षण देणारं एक कलम आहे. निघता तिथे आणि पोहोचता तिथे बंदूक बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल, ती आणि गोळ्या दोन्ही हाताला येणार नाहीत अशा ठेवल्या असतील, तर मधल्या राज्यांतून जाता येतं. गाडीला वेगळी डिकी नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल, तर कुलूपबंद पेटी हवी. ग्लव्ह बॉक्सला किंवा सीटमधल्या कन्सोलला कुलूप असलं तरी ते धरत नाहीत. आपल्या लोकांच्या निम्म्या गाड्या मिनीव्हॅनच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पण हे संरक्षण फक्त प्रवासाला आहे, मुक्कामाला नाही. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात होतं. ती बॅग विमान कंपनीने त्याच्या हातात दिली आणि तो रात्रीपुरता हॉटेलात गेला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर येऊन त्याने नियमाप्रमाणे पुन्हा सांगितलं, की बॅगेत पिस्तूल आहे. तिथेच अटक. काही दिवस तुरुंगात काढल्यावर आरोप मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला, पण २०१० मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. कारण साधं: हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, तेव्हा 'हाताला येणार नाही' ही अट तुटली. त्याने बॅग ताब्यातच घ्यायला नको होती किंवा विमानतळ पोलिसांकडे सोपवायला हवी होती, असं कोर्टाचं म्हणणं. मध्यरात्री, भुकेला, सामानाची वाट बघणारा माणूस हे कसं ओळखणार, हा प्रश्न मला आजही पडतो. पण तो निकाल कायम आहे.

म्हणून व्हर्जिनियाहून मेनला निघालात आणि वाटेत न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे दोन दिवस गणपतीला थांबायचा बेत असेल, तर तो 'मधला प्रवास' राहत नाही. पेट्रोल आणि चहापुरतं थांबणं वेगळं, मुक्काम वेगळा. शिवाय त्या कलमात बंदूक आणि गोळ्यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा (गोळ्या भरून बंदुकीत बसवतात त्या खोक्याचा) नाही. न्यू जर्सीत २०१८ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन घरीच ठेवलेलं बरं.

परमिटची गरज नाही, म्हणून काढलंच नाही

२०२४ अखेर २९ राज्यांत परमिटशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येत होतं. या राज्यांतले बरेच जण परमिट काढायचं सोडूनच देतात. इथे एक केंद्रीय कायदा आडवा येतो. शाळेच्या आवारापासून हजार फुटांत बंदूक नेणं गुन्हा आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याने परमिट दिलेल्या माणसाला. १९९० चा मूळ कायदा सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये रद्द केला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९६ मध्ये तो शब्द बदलून परत आणला. गावात गाडी चालवताना हजार फुटांत शाळा आली नाही असा रस्ता शोधून दाखवा! नुसत्या या कलमाखाली क्वचितच कुणावर खटला होतो, पण दुसरं काही घडलं की हे मागून जोडता येतं. राज्यात गरज नसली तरी परमिट काढा. रिकामी आणि कुलूपबंद पेटीतली बंदूक मात्र या कलमातून सुटते.

व्हिसावरच्या पाहुण्यांना रेंज दाखवणं

आपल्या मंडळींसाठी मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. आई-बाबा भारतातून आले की नायगारा, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि मग हौसेने शूटिंग रेंज. 'बाबा, एकदा चालवून बघा, फोटो काढतो.' बी-२ (पर्यटक) असो, एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी) किंवा एच-४ (नोकरदाराचे कुटुंबीय), बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा गोळ्या ताब्यात घ्यायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पाच मिनिटं हातात धरणं हाही ताबाच. एक ठळक अपवाद आहे: कोणत्याही राज्याचा मुदतीतला शिकार परवाना. तो आधी काढा, सोबत ठेवा, मग रेंज.

एफ-१ व्हिसावरचा एक विद्यार्थी फ्लोरिडात विद्यापीठातून बाहेर पडल्यावरही देशात राहिला आणि रेंजवर जाऊन आला. त्याच्यावर खटला झाला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. लोक हा निकाल 'सुटका' म्हणून फिरवतात. ज्याच्या पासपोर्टवर व्हिसा चिकटवलेला आहे त्याला माहीत नव्हतं, असं कोण मानेल?

घरातही हाच प्रश्न येतो. ग्रीन कार्डवाला बंदूक घेऊ शकतो, पण सहा महिने राहायला आलेल्या सासऱ्यांना किंवा एच-४ वरच्या बायकोला सेफचा कोड माहीत असेल, तर बंदूक त्यांच्याही ताब्यात आहे असा अर्थ काढता येतो. कोड फक्त स्वतःकडे ठेवा. आणि हे कायम ध्यानात असू द्या, की बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला ग्रीन कार्डधारकही देशाबाहेर काढला जाऊ शकतो.

काकांसाठी घेऊन ठेवतो

व्हर्जिनियाच्या एका माजी पोलिसाला स्वस्तात पिस्तूल मिळणार होतं. पेनसिल्व्हेनियातल्या काकांनी चारशे डॉलरचा चेक आधीच पाठवला, वर 'ग्लॉक १९' असं लिहूनही टाकलं. पुतण्याने दुकानात बंदूक खरेदीच्या ४४७३ क्रमांकाच्या केंद्रीय फॉर्मवर 'मीच खरा खरेदीदार' म्हणून खूण केली. पुढे परवानाधारक विक्रेत्यामार्फत काकांच्या नावे रीतसर हस्तांतर केलं. काकांना बंदूक बाळगायला काहीच आडकाठी नव्हती. तरीही पुतण्या दोषी. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल कायम ठेवला. पैसे दुसऱ्याचे आणि सही तुमची, असं कधीच नको. स्वतःच्या पैशाने खरी भेट देता येते, मात्र घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर ती त्याच्या राज्यातल्या विक्रेत्यामार्फतच द्यावी लागते. वडील-मुलगा असले तरी.

त्याच फॉर्मवर गांजा वापरता का, हाही प्रश्न आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात दुकानातून उघडपणे मिळतो म्हणून लोक बिनदिक्कत 'नाही' लिहितात. राज्याने मोकळीक दिली तरी केंद्राच्या दृष्टीने फरक पडत नाही, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. या बंदीवर कोर्टांत झगडा चालू आहे. तुमचा खटला त्यात उदाहरण म्हणून जायला नको.

'कोर्टाने कायदा उडवला!'

बातमी आली की लोक लगेच खरेदीला धावतात. २९ मार्च २०१९ ला सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी कॅलिफोर्नियाची मोठ्या मॅगझिनवरची बंदी रद्द केली. आठवडाभर देशभरातून पार्सलं गेली. ५ एप्रिलपासून त्यांनीच निकालाला स्थगिती दिली. त्या आठवड्यात घेतलेली मॅगझिन वाचली, नंतरची नाही. २०२५ मध्ये अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने बंदी पुन्हा वैध ठरवली. मधली सहा वर्षं 'कॅलिफोर्नियात आता चालतं' असं ठामपणे सांगणारे मला भेटत होते.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून बोलकी. १९११ पासूनच्या कायद्याने परमिटसाठी खास कारण दाखवावं लागे. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या ब्रूएन निकालाने ती अट गेली. आपण पेढे वाटले. १ जुलैला नवा कायदा तयार: टाइम्स स्क्वेअर, सबवे, बागा, दवाखाने, अशा कितीतरी जागा बंदूकबंद. न्यू जर्सीने डिसेंबरमध्ये तीच वाट धरली. परमिट मिळणं सोपं झालं, ते घेऊन जायच्या जागा कमी झाल्या. त्या जागांपैकी काही कोर्टाने उठवल्या, काही ठेवल्या, म्हणून निकालाची फक्त पहिली ओळ वाचून कमरेला होल्स्टर लावू नका. अंमलबजावणीला स्थगिती आहे का, निकाल कुणाला लागू आहे, हे बघा.

वाद घालताना

'दुसरी घटनादुरुस्ती (बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी) आहे, विषय संपला' म्हणणाऱ्याने सुप्रीम कोर्टाचा २००८ चा हेलर निकाल वाचलेला नसतो. घरात पिस्तूल ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य करणाऱ्या त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं, की हा हक्क अमर्याद नाही. २०२४ च्या रहीमी निकालात आठ विरुद्ध एक मतांनी घरगुती हिंसाचाराच्या कोर्ट-आदेशाखालच्या माणसाकडून बंदूक काढून घेणं वैध ठरलं. हे नाकारून वाद जिंकता येत नाही.

बंदुकांवर निर्बंध मागणारे समोरचेही चुकतात. बंदूक ऑनलाइन मागवली तरी ती घरी येत नाही, परवानाधारक विक्रेत्याकडे येते आणि तिथे तपासणी होते. पण आपल्याला न आवडणारा आकडाही सांगायला हवा: २०२३ मध्ये बंदुकीने झालेल्या सुमारे ४६,७०० मृत्यूंपैकी जवळपास २७,३०० आत्महत्या होत्या. सेफच्या सक्तीला विरोध करताना आपण चोर-दरोडेखोरांबद्दल बोलतो. घरातल्या खचलेल्या मुलाबद्दल बोलत नाही. माझा सक्तीला विरोध आहे, सेफला नाही. मुलं किंवा नैराश्यात असलेलं कुणी घरात असेल तर कायदा नसला तरी सेफ घ्या.

रेंजची बॅग प्रवासाला वापरणं

२०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच, 'विसरलो.' दंड हजारो डॉलरांत जातो. मुंबईला जाताना तर तळाशी राहिलेलं एक काडतूसही पुरतं. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना काडतूस बाळगणं गुन्हा आहे. 'जाणीवपूर्वक ताबा नव्हता' म्हणून न्यायालयं असे खटले अनेकदा रद्द करतात, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकील लागलेला असतो. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि ती गॅरेजमधून घरात आणू नका.

आणि तरीही अडकलात तर

हात स्टिअरिंगवर, आवाज शांत. काही राज्यांत, न्यू जर्सी आणि मिशिगन त्यात आहेत, बाळगत असाल तर पोलिसाला स्वतःहून सांगणं बंधनकारक आहे. पेनसिल्व्हेनियात नाही. विचारलं तर खोटं बोलू नका. गाडीच्या झडतीला संमती मागितली तर सभ्यपणे नकार द्या आणि वकिलाशिवाय खुलासे करत बसू नका. 'मी समजावून सांगतो साहेब' ही आपली सवय इथे घात करते.

ग्रीन कार्डवर असाल तर फौजदारी वकिलाने आणलेली तडजोड लगेच स्वीकारू नका. शिक्षा फक्त प्रोबेशनची असली तरी इमिग्रेशनच्या कायद्यात तो दोषसिद्धीच ठरू शकतो. गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर जावं लागेल का, हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या पडिया निकालात म्हटलं आहे. ते उत्तर लेखी मागा आणि सही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.