घरातला मत्सर आणि आत्मिक युद्ध: लढायचे कोणाशी आणि कसे

इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायातली देवाची शस्त्रसामग्री बहुतेक ख्रिस्ती घरांत तोंडपाठ असते. तिच्या आधीच्या ओळी मात्र क्वचितच कोणी तिला जोडून वाचतो. 5:22 पासून 6:9 पर्यंत पौल नवरा-बायको, आईबाप-मुले, मालक-दास यांच्याविषयीच बोलतो आहे आणि तिथूनच तो सैतानाच्या डावपेचांकडे वळतो. युद्ध कुठेतरी आकाशात चालले आहे असे समजून स्वयंपाकघरातल्या धुसफुशीकडे पाठ फिरवायची सोय त्याने ठेवलेली नाही. त्याच वेळी 6:12 मध्ये तो सांगतो की आपले झगडणे रक्तमांसाशी नाही. जाऊ, नणंद, सासू, थोरला भाऊ ही सगळी रक्तमांसाची माणसे. आत्मिक युद्धाच्या नावाखाली सर्वांत जास्त चुका इथेच होतात: प्रार्थना सैतानाविरुद्ध सुरू होते आणि दोन आठवड्यांत ती जावेविरुद्ध झालेली असते.

आधी नीट ओळखा

सगळ्याला मत्सर म्हणू नका. चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

मत्सराची खूण अशी: दुसऱ्याचे गेल्याने मला काहीच मिळणार नसते, तरी ते जावे असे वाटते. धाकट्या दिराच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि पोटात कळ आली, तर तो मत्सर. तुमच्या सहीशिवाय तुमच्या हिश्श्याची जमीन विकली गेली, तर तो अन्याय. त्याबद्दल राग येण्यात पाप नाही आणि तुम्हाला ‘तू जळतेस’ म्हणून गप्प बसवणाऱ्याचे ऐकू नका. सासूबाईंना अचानक सगळेच आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटू लागले, जेवणात काही घातले जाते असा संशय येऊ लागला, झोप उडाली, तर तो आजार असू शकतो. म्हातारपणी विस्मृतीच्या आजारात असा संशय येतो. आधी डॉक्टर, प्रार्थना सोबतीने. मानसिक आरोग्यासाठी सरकारी टेलिमानसचा क्रमांक 14416 आहे. चौथी गोष्ट मारहाण. तिथे उपवास-प्रार्थनेचा कार्यक्रम आखत बसू नका, घराबाहेर पडा आणि 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा. मार खात राहणे हे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही.

उरला तो मत्सर. याकोब 3:14-16 त्याच्याबद्दल दोन्ही बाजू सांगतो: तो तुमच्या मनात असतो, आणि त्यातून सुचणाऱ्या ‘शहाणपणा’चे मूळ मात्र वरचे नसून सैतानाकडचे असते. गलतीकरांस पत्र 5:20-21 मध्ये हेवा देहाच्या कर्मांत मोजला आहे. दोन्ही वचने एकत्र धरा. नुसते पहिले धरले तर ‘सैतानाने करवले’ म्हणून माणूस मोकळा होतो. नुसते दुसरे धरले तर स्वतःच्या बळावर लढत थकून जातो.

पहिली झडती स्वतःची

उत्पत्ति 4:7 मध्ये देव भावावर जळणाऱ्या काइनाला त्या भावाबद्दल, हाबेलाबद्दल, एक शब्दही बोलत नाही. पाप दाराशी टपून आहे, त्याच्यावर ताबा मिळव, एवढेच सांगतो. तेव्हा दुसऱ्याच्या मत्सराशी लढायचे असले तरी सुरुवात आपल्या दारापासून.

वही घ्या आणि पंधरा-वीस मिनिटे एकटे बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. तीनच ओळी लिहायच्या: कोणाबद्दल, नेमके कशाबद्दल, केव्हापासून. ‘मला वहिनीचा त्रास होतो’ हे चालणार नाही. ‘आई तिच्या हातचे कौतुक करते आणि माझ्या करत नाही, हे गेल्या नाताळापासून टोचते’ हे चालेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ (लूक 15:29) बापाला किती अचूक हिशेब सांगतो पाहा: इतकी वर्षे चाकरी, एकही करडू नाही. तुमचे करडू कोणते ते लिहिता आले की अर्धे धुके जाते.

मग तो मत्सर देवापुढे त्याच नावाने कबूल करा. ‘वाईट वाटले’, ‘मन दुखावले’ असले गुळगुळीत शब्द नकोत. त्यानंतर एका माणसापुढे (याकोब 5:16): प्रोटेस्टंट असाल तर पाळक किंवा मंडळीतली पिकलेली, तोंडाला कुलूप असलेली व्यक्ती, कॅथलिक असाल तर पापनिवेदनासाठी फादर आहेतच.

ज्याचा हेवा केला त्याच्याकडे जाऊन ‘मी तुझा हेवा करत होते’ असे सांगायची घाई करू नका. त्याला ते माहीतही नसते. तुमचे ओझे उतरते, त्याच्या मनात कायमची आठी बसते. हेव्यापोटी काही केले असेल, चहाडी, टोमणा, आमंत्रणातून नाव गाळणे, तर त्या कृत्याची माफी मागा. भावनेची कबुली देवापुढे, कृत्याची माणसापुढे.

शस्त्रसामग्री घरात कशी वापरायची

रोज सकाळी दहा मिनिटे पुरतात. नुसती नावे घेत अंगावर चढवल्याची कल्पना करण्यापेक्षा एकेका शस्त्राला दिवसाचे एक काम जोडा.

सत्याचा कमरपट्टा सगळ्यात आधी आहे आणि घरात सगळ्यात कठीण तोच. ऐकीव गोष्ट आज पुढे सांगणार नाही. ‘सगळे म्हणतात’ असे म्हणणार नाही. जे माहीत आहे आणि जे वाटते आहे ते वेगळे ठेवणार. मत्सर जगतो तो अर्धवट माहितीवर: तिला सोन्याची माळ कोणी दिली, किती तोळ्यांची, आपल्याला का सांगितले नाही. बहुतेक वेळा ती माळ माहेरची असते.

विश्वासाची ढाल जळत्या बाणांसाठी. घरातला जळता बाण म्हणजे अचानक डोक्यात येणारे तयार वाक्य: ‘तिने मुद्दाम केले’, ‘आईचा लाडका तोच’, ‘माझे कोणी नाही’. असे वाक्य आले की त्याच्याशी वाद घालू नका. त्याला उत्तर देणारे एक वचन आधीच पाठ असू द्या, स्तोत्र 23:1 किंवा रोमकरांस पत्र 8:32, आणि शक्य असेल तर मोठ्याने म्हणा. येशूने अरण्यात तेच केले. मत्तय 4 मध्ये तिन्ही वेळा उत्तर जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या लिखित वचनाने दिले आहे. हीच आत्म्याची तलवार. ती सैतानावर चालवायची, सुनेवर नाही. जेवणाच्या टेबलावर कोणाला ऐकू जावे म्हणून वचन म्हणणे हा तलवारीचा सर्रास होणारा गैरवापर आहे.

नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे आणि तारणाचे शिरस्त्राण यांचे घरगुती काम एकच: माझी किंमत या घरातल्या मानपानावर ठरत नाही, ख्रिस्ताने ती ठरवली आहे, हे स्वतःला सांगत राहणे. शौल राजाला हेच जमले नाही. बायकांनी दाविदाच्या नावावर लाखो आणि त्याच्या नावावर हजारो वधलेले गायले आणि दुसऱ्या दिवशी शौलाच्या हातून दाविदावर भाला सुटला (1 शमुवेल 18). खरे तर दाविदामुळे गादी जाणार होती ती शौलाच्या मुलाची, योनाथानाची. त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला दिला. गमवायचे जास्त होते त्याच्याकडेच हेवा नव्हता.

उपवास आणि आशीर्वादाची प्रार्थना

आठवड्यातून एक दिवस, एक जेवण सोडा, असे चार आठवडे. पाणी प्या. मधुमेह, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणे किंवा पोटाचा विकार असेल तर जेवण सोडू नका. त्याऐवजी टीव्ही, मालिका किंवा व्हॉट्सअॅप सोडा. मत्तय 6:16-18 प्रमाणे गाजावाजा नको. एकत्र कुटुंबात मात्र एक अडचण येते: जावेने रांधलेल्या दिवशी तुम्ही ताटावर बसला नाहीत तर तो उपवास कोणालाही रुसवाच वाटेल. म्हणून शक्यतो आपल्या पाळीच्या दिवशी उपवास करा, आणि इतरांना वाढा.

प्रार्थनेत त्या व्यक्तीचे नाव घ्या आणि ज्या गोष्टीचा हेवा वाटतो तीच तिला आणखी मागा. तिच्या मुलांच्या शिक्षणाचा हेवा असेल तर त्यांच्या शिक्षणासाठी, नवीन फ्लॅटचा असेल तर त्या घरात शांती असावी म्हणून. शब्द सुचत नसतील तर इतके पुरे: ‘प्रभू येशू, तू तिला जे दिले आहेस ते चांगले आहे. ते तिच्याजवळ टिकू दे, वाढू दे. माझ्या मनात सैतानाला जी जागा मी दिली ती परत घेते आणि तुझ्या स्वाधीन करते. आमेन.’ पहिले काही दिवस हे खोटे वाटेल. तरी म्हणा, भावना मागून येते. शेवटच्या वाक्याला आधार इफिस 4:26-27 चा आहे: राग धरून सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका. याकोब 4:7 चा क्रमही उलटा करू नका. आधी देवाच्या अधीन होणे, मग सैतानाला विरोध. अर्धा तास ‘सैताना, निघून जा’ ओरडून पहिला भाग राहिला तर घसा बसण्यापलीकडे काही होत नाही.

कौटुंबिक प्रार्थनेला एक कडक नियम ठेवा: कोणीही दुसऱ्याला सुनावणारी प्रार्थना करायची नाही. ‘हे प्रभू, या घरातल्या काही कठीण मनांना स्पर्श कर’ म्हटले की सगळ्यांना कळते कोणाचे मन. तसेच मंडळीच्या प्रार्थनासभेत घरचे भांडण ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून देऊ नका. चहाडीचा तो सगळ्यात पवित्र दिसणारा प्रकार आहे.

समोरासमोर बोलणे

मत्तय 18:15 चा पहिला टप्पा एकांताचा आहे. फॅमिली ग्रुपवर नको, लग्नघरात नको, मयतीच्या घरी तर नकोच. दुपारी, जेवण झाल्यावर, दोघेच. एकच घटना घ्या. ‘तू नेहमीच’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. ‘वहिनी, परवा पाहुण्यांसमोर माझ्या नोकरीबद्दल बोललात, ते मला लागले. तुमच्या मनात काही असेल तर मला सांगा’ एवढ्यावर थांबा आणि ऐका. समोरच्याने कानावर घेतले नाही तर एक-दोन जण सोबत न्या, पण ते दोघांनाही मान्य असलेले असावेत. आपल्या भावाला साक्षीदार म्हणून नेणे म्हणजे फौज नेणे. त्यानंतर पाळकसाहेब.

इथे बिघडते

‘तिच्यात ईजबेलचा (जुन्या करारातल्या दुष्ट राणीचा) आत्मा आहे’, ‘त्याने करणी केली’ असे माणसाचे नाव घेऊन जाहीर करणारा कोणीही असो, त्याच्यापासून दूर व्हा. पवित्र शास्त्र असे करायला सांगत नाहीच, शिवाय महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारणे किंवा साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. धर्म कोणता याने फरक पडत नाही. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. सुटकेच्या प्रार्थनेचे पैसे मागितले गेले तर तिथेच उठा.

अभिषेकाचे तेल दाराच्या चौकटीला लावून जावेची ‘दृष्ट’ अडवणे हे लिंबू-मिरची टांगण्याहून फारसे वेगळे नाही. मार्क 7:21-23 मध्ये येशू हेवा माणसाच्या आतून निघणाऱ्या गोष्टींत मोजतो. ज्याच्या आत तो आहे त्यालाच तो विटाळतो. दुसऱ्याच्या नजरेची भीती बाळगायचे कारण उरत नाही. पिढीजात शापाबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, पण यहेज्केल 18:20 वाचल्याशिवाय आजोबांचे पाप नातवाच्या माथी मारू नका.

वाटणी कागदावर आणा

लूक 12:13 मध्ये एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभापासून सांभाळायला सांगतो. न्यायाधीशाचे काम आपल्याकडे कायद्याने केले आहे. ते माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत संशय पिढ्यान्‌पिढ्या चालतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे ख्रिस्ती बाप इच्छापत्र न करता वारला आणि मागे बायको-मुले असतील, तर एक तृतीयांश बायकोला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुलींना सारखे. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा कमी होत नाही. गोव्यात कायदा वेगळा आहे, तिथल्या वकिलाला विचारा. बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला ‘प्रेमाने’ बसवण्याआधी हे तिला सांगा. इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यात काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याला दिलेला वाटा रद्द होतो.

आईबापांनी जिवंतपणी एक काळजी घ्यावी: एका मुलाला शिक्षणासाठी किंवा घरासाठी मोठी रक्कम दिली असेल तर सगळ्यांना सांगून द्या. योसेफाच्या बापाने, याकोबाने, त्याला पायघोळ झगा दिला तो सगळ्यांदेखत, पण कारण फक्त लाडाचे (उत्पत्ति 37:3), आणि भावांनी त्याला चांदीच्या वीस तुकड्यांना विकले. 

समेट झाल्यावर

क्षमा एका दिवसात करता येते, विश्वास तसा येत नाही. योसेफाने भावांना क्षमा केली, पण ओळख देण्याआधी पारखले. जेवणाला बसवून धाकट्या बन्यामीनाच्या पुढे इतरांच्या पाचपट वाढले (उत्पत्ति 43:34), म्हणजे धाकट्याला जास्त मिळालेले ते आता सोसतात का हे दिसावे. बन्यामीन अडकला तेव्हा यहूदाने त्याच्या जागी स्वतः दास व्हायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे योसेफाने मोठ्याने रडत ओळख दिली. तुम्हीही आधी छोट्या गोष्टी सोपवा: मुलांना तासभर सांभाळणे, बाजाराचे पैसे, एखाद्या समारंभाची यादी. सहा महिने बरे गेले तर मग एकत्र खाते, सामायिक घर अशा मोठ्या गोष्टींना हात घाला. मध्ये पुन्हा टोमणा आला तर सगळे मोडले असे समजू नका. वहीचे तेच पान काढून तारीख टाका आणि मत्तय 18:15 पासून पुन्हा.