फ्री एजंट बॅटर घेताना आधी काय बघायचं

बेसबॉलचा ऑफसीझन सुरू झाला की फ्री एजंट, म्हणजे करार संपून कुठल्याही टीमकडे जायला मोकळा झालेला खेळाडू, घेताना सगळे आधी होमरनचा आकडा बघतात आणि घोळ तिथंच होतो. पहिल्यांदा स्वतःची लाइनअप नीट तपासा, कुठल्या पोझिशनवरून रन्स येत नाहीयेत, समोर लेफ्टी पिचर आला की कोण कोण थंड पडतं, वरच्या दोन नंबरचे बेसवर पोचतायत का. हे कळल्याशिवाय मार्केटकडं बघूच नका.

मग ऑन-बेस पर्सेंटेज, म्हणजे आउट न होता बेसवर पोचायचं प्रमाण, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. समजा एकाची ॲव्हरेज (हिटचं प्रमाण, यात वॉक धरत नाहीत) ०.२८० पण वॉक, म्हणजे चार चुकीचे बॉल सोडून मिळणारा फुकटचा बेस, घेतच नाही म्हणून ऑन-बेस ०.३१०, दुसऱ्याची ॲव्हरेज ०.२४५ पण वॉक भरपूर आणि ऑन-बेस ०.३६०. ६०० प्लेट ॲपिअरन्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांमध्ये) पहिला १८६ वेळा बेसवर जातो, दुसरा २१६ वेळा. ३० आउट वाचले, आणि अख्ख्या मॅचमध्ये तुम्हाला मिळतात २७! शिवाय २००० च्या सुमारास लोक ॲव्हरेजला भुलायचे म्हणून दुसरा बऱ्याचदा स्वस्तात मिळून जायचा. मोठा बॅटर जेसन जियांबी ओकलंडची टीम सोडून यांकीजकडे गेल्यावर ओकलंडनं हेच केलं, स्कॉट हॅटेबर्ग नावाच्या कॅचरला फर्स्ट बेसवर उभं केलं, २००२ मध्ये त्याचा ऑन-बेस ०.३७४ आणि टीमनं १०३ मॅच जिंकल्या. त्यांची पिचिंग पण जबरदस्त होती हे खरंय, सगळं श्रेय त्याला नाही, पण खेळाडू अचूक हेरला होता.

एकाच सीझनवर पैसे लावू नका, तीन वर्षं बघा. बॉल खेळात पडल्यावर हिट व्हायचं प्रमाण साधारण ०.३०० असतं, एखाद्याचं अचानक ०.३६० झालं आणि बॅटवरून बॉल तर पूर्वीच्याच स्पीडनं जातोय, तर ते बहुतेक नशीब आहे. बॉलचा स्पीड वगैरे मोजणाऱ्या स्टॅटकास्ट सिस्टिमचा डेटा २०१५ पासूनचा फुकट बघायला मिळतो, तो बघाच.

मैदानाचाही हिशोब करा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड साधारण १६०० मीटर उंचीवर, तिथं बॉल लांब जातो, म्हणून तिथले आकडे फुगलेले असतात. पण म्हणून तिथल्या बॅटरवर सरसकट फुली मारू नका, डीजे लमेह्यू तिथूनच यांकीजकडे आला आणि २०१९ मध्ये ०.३२७ च्या ॲव्हरेजनं खेळला.

वय मात्र कडक तपासा. फ्री एजंट व्हायला मेजर लीगमधली सहा वर्षांची सर्व्हिस लागते त्यामुळं बरेचजण तिशीच्या आसपास मार्केटमध्ये येतात आणि तुम्ही पैसे देता ते पुढच्या वर्षांचे. एंजल्सनी अल्बर्ट पुहोल्सला बत्तीस वर्षांचा व्हायच्या तोंडावर १० वर्षं, २४ कोटी डॉलर दिले आणि तिथं त्याची ॲव्हरेज एकाही सीझनला ०.३०० झाली नाही. हुआन सोटोला मेट्सनी १५ वर्षं, ७६.५ कोटी दिले, पण तो तेव्हा २६ चा होता आणि वॉक घेण्यात त्याचा हात धरणारे फार कमी. दोन्ही करार लांबलचक पण हिशोब पूर्ण वेगळा.

क्वालिफाइंग ऑफर (जुन्या टीमनं दिलेली एका वर्षाची ठरावीक ऑफर) नाकारलेला खेळाडू घेतला तर ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायची एक पाळी, जातो, टीमच्या एकूण पगारावरची लक्झरी टॅक्सची मर्यादा ओलांडली तर वर दंड, हे दोन्ही किमतीतच धरा.

आणि बजेट कमी असेल तर थांबायला शिका. नेल्सन क्रूझ २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत शिल्लक होता, ओरिओल्सनी एका वर्षासाठी ८० लाख डॉलरला घेतला आणि त्यानं ४० होमरन मारले. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) आहे, त्यामुळं फिल्डिंग कच्ची पण बॅट चालणारा माणूस आता कुठल्याही टीमला बसवता येतो. जानेवारी संपता संपता असे कोण उरलेत त्यांची लिस्ट तयार ठेवा आणि एका वर्षाची ऑफर घेऊन फोन लावा.