फवारून पण गोचीड परत येतायत? आधी गोठा बघा

दर महिन्याला फवारणी करून पण गोचीड परत येतायत असं ज्यांचं चाललंय त्यांनी नवी बाटली आणायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन गोठ्यात फिरा. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली, गव्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते, म्हणजे तुम्ही गाय फवारताय आणि पुढची पिढी भिंतीत तयार होतेय.

जुना दगड-मातीचा गोठा, खाली ओली माती, चिकटूनच उकिरडा, कोपऱ्यात कडब्याचा भुगा, असं असेल तर गोचीड होणारच. फटी सिमेंटनं बुजवा, जमत नसेल तर निदान चुना मारा, उकिरडा लांब न्या. फ्लेम गननं भिंती शेकल्या तर फटीतले गोचीड मरतात, पण जनावरं बाहेर काढून आणि कडब्याची गंज लांब असेल तरच, नाहीतर गोचीड राहतील बाजूला आणि गोठाच पेटायचा. कोंबड्या असतील तर सोडा, त्या पण टिपून खातात.

मग जात. आपली देशी खिलार गाय काटक, तिला गोचीड कमी लागतात, एचएफ-जर्सी या विदेशी जातींच्या संकरित गाईंना भरपूर. दुधासाठी सगळे संकरितकडं वळलेत, त्यात चूक काय नाही, पण मग खिलारवाल्या आज्ज्याच्या पद्धतीनं कधीतरी बघून भागत नाही, आठवड्याला कान, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), कास, जांघ, शेपटीखाली हात फिरवायलाच लागतो. आणि खिलारवर कमी दिसतात म्हणून तिला फवारणीतून वगळू नका. अशक्त जनावरं जास्त सोसतात, त्यांना आधी तपासा.

पावसाळ्यात आणि पाऊस उघडल्यावर दमट उष्णतेत गोचिडांचं फावतं. आपल्या सांगोला-सोलापूरकडं सप्टेंबरात पाऊस जोर धरतो तेव्हा जास्त लक्ष द्या. कडक उन्हाळ्यात कमी झाल्यासारखे वाटतात, पण गोचिडाच्या काही जाती फटीत दबा धरून बसतात.

सांगोल्याच्या बाजारातून किंवा कुठूनही जनावर आणलं की थेट दावणीला बांधायचं नाही. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, फवारा, मग आत घ्या. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरचे बैल येतात, सगळी जनावरं एकाच माळावर चरतात, तिथनं पण येतात.

आता फवारणी. गोचिडाचं औषध डेल्टामेथ्रिन असो की अमिट्राझ, लेबलवर असेल तेवढंच प्रमाण. पैसे वाचवायला पातळ केलं की चिवट गोचीड जगतात आणि पुढं ते औषध लागूच पडत नाही, वर्षानुवर्षं एकच औषध मारल्यावर पण तेच होतं. पिकावरचं कीटकनाशक गाईवर मारणारे पण बघितलेत, विषबाधा होते, अजिबात नको. आधी पाणी पाजा, ऊन टाळा, गाईबरोबर त्याच दिवशी गोठा पण फवारा आणि अंडी औषधानं मरत नाहीत म्हणून १५-२० दिवसांनी परत करा. लहान वासरांना मारायच्या आधी डॉक्टरला विचारा. गोचिडासाठी टोचतात ते आयव्हरमेक्टिन दुधात उतरतं, दुभत्या गाईला मनानं टोचू नका.

ताप १०४-१०६, खांद्यापुढची गाठ सुजलेली, पापणी आतनं पांढरी किंवा लघवी कॉफीसारखी, यातलं काही दिसलं तर गोचीड ताप समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. संकरित वासरांना दोन महिन्यांनंतर थायलेरियाची (गोचिडामुळं होणाऱ्या तापाची) लस देता येते, ते पण तेव्हाच विचारून घ्या.

अन् हातानं काढलेला गोचीड बोटानं चिरडू नका, काँगो ताप हा गंभीर आजार माणसाला गोचिडामुळं पण होऊ शकतो. हातमोजे घाला आणि डब्यात रॉकेल घेऊन त्यात टाका.